माहेरवाशिणीचें मत

मराठी भाषेच्या काटकसरीचें मला नेहमीं कौतुक वाटत आलें आहे. ज्या दोन गोष्टींसाठीं इंग्रजीला दोन वेगळे शब्द खर्चावे लागतात, त्या दोन्ही आपण ‘मत’ या एवढ्याशा शब्दांत भागवतों. चहाच्या पेल्याबरोबर जें फुकट देतां-घेतां येतें, तेंही मत. आणि उन्हांत रांग धरून, डाव्या तर्जनीला शाई लावून घेऊन मग जें द्यावें लागतें, तेंही मतच. ज्याच्याजवळ हीं दोन्ही मतें आहेत, त्याला त्यांतला भेद सहसा जाणवत नाहीं. दोन्ही डोळे शाबूत असलेल्या माणसाला आपण कोणत्या डोळ्यानें पाहतों याचा विचार करण्याचें कारणच पडत नाहीं. भेद जाणवतो तो माझ्यासारख्या परदेशीं राहिलेल्या माणसाला. त्याच्या एका मताची रोज भरभराट होत असते, आणि दुसरें वापरण्याची वेळच त्याच्यावर येत नाहीं.

मी मूळचा दौंडचा. भीमेच्या कांठीं आमची थोडी शेती आहे, ती धाकटा भाऊ पाहतो. थोरली बहीण, आमची आक्का, शिरूर तालुक्यांत दिली आहे. आणि मी गेलीं चोवीस वर्षें अमेरिकेंत, न्यू जर्सी संस्थानांतील एका लहानशा महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवून पोट भरतों. इंग्रजांचें वाङ्मय अमेरिकनांना शिकवण्यासाठीं दौंडहून माणूस यावा, यांत कांहीं विनोद असेल तर तो माझ्या विद्यार्थ्यांच्या अद्याप ध्यानांत आलेला नाहीं. दौंडकरांना मात्र त्यांत नवल वाटणार नाहीं. कारण तें गांवच मुळीं जाणाऱ्या-येणाऱ्यांचें. १८७८ सालीं मनमाडकडे जाणारा लोहमार्ग खुला झाला, तेव्हांपासून गाडी बदलण्यासाठीं थांबण्याचें ठिकाण ही दौंडची ओळख. तेथील रेल्वे-वसाहतींतलीं अँग्लो-इंडियन कुटुंबें स्वातंत्र्यानंतर हळूहळू इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे निघून गेलीं. स्टेशनावर वाढलेल्या मुलाला दूर जाणें ही एक साधी गोष्ट वाटते. दूर राहणें ही साधी गोष्ट नव्हे, हें त्याला पुढें कळतें.

दूर राहणाऱ्याचें घड्याळ नेहमीं दोन वेळा दाखवीत असतें. आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ-साडेदहा होतात, तेव्हां महाराष्ट्रांत सकाळचे आठ वाजलेले असतात. आणि निवडणुकीची मतमोजणी नेमकी सकाळीं आठालाच सुरू होते. म्हणजे जेवण आटोपावें, दिवे मंद करावे आणि एखादें नाटक पाहावयास बसावें, अशा घटकेला आमचें स्वदेशाचें राजकारण सुरू होतें. ४ जून २०२४ ची लोकसभेची मोजणी आणि त्याच वर्षीं २३ नोव्हेंबरची विधानसभेची मोजणी आम्हीं अशीच पाहिली. शेजारचीं चार मराठी कुटुंबें जमलीं होतीं. चिवडा होता, चहा होता, मुलें जिन्यावर पेंगत होतीं. एकाचें पारडें वर गेलें कीं अर्धी बैठक टाळ्या वाजवी, दुसऱ्याचें गेलें कीं उरलेली अर्धी. एका गृहस्थांना तर शिट्टी वाजवण्याचा मोह आवरला नाहीं. आदल्याच आठवड्यांत त्याच पडद्यावर, त्याच बैठकीनें, त्याच चिवड्यासह एक मराठी नाटक पाहिलें होतें. दोन्ही प्रसंगीं आम्ही सारख्याच मनःपूर्वकतेनें हंसलों-हळहळलों, आणि दोन्ही प्रसंगीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं सातला उठून कामावर गेलों.

राजकारण आणि करमणूक यांच्यामधली भिंत आमच्या भागांत आधींच पातळ आहे. २००८ च्या फेररचनेनंतर शिरूर हा लोकसभेचा मतदारसंघ म्हणून अस्तित्वांत आला. तेथून २०१९ सालीं आणि पुन्हां २०२४ सालीं निवडून आलेले डॉ. अमोल कोल्हे हे शिक्षणानें डॉक्टर आणि ख्यातीनें नट. दूरचित्रवाणीवर त्यांनीं प्रथम शिवछत्रपतींची आणि पुढें ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ या मालिकेंत संभाजीमहाराजांची भूमिका केली. ती मालिका चालू असतांनाच ते पहिल्या वेळीं खासदार झाले. आणि संभाजीमहाराजांची समाधि आहे ती वढू बुद्रुक येथें, म्हणजे शिरूर तालुक्यांतच. २०२५ च्या फेब्रुवारींत ‘छावा’ हा चित्रपट आमच्या इकडच्या चित्रपटगृहांतही लागला. तो पाहतांना माझ्या शेजारच्या खुर्चीवरील तरुण हुंदके देत होता. वढूला आम्ही लहानपणीं एस. टी.नें जात असूं, हें मी त्याला सांगितलें, तेव्हां त्यानें माझ्याकडे मी स्वतःच इतिहासांतून आलों असावा अशा नजरेनें पाहिलें.

नट राज्यकर्ता झाला म्हणून हंसणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांच्यांतला नाहीं. मद्रासेकडे रामचंद्रन झाले, आंध्रांत रामाराव झाले, ज्या देशांत मी राहतों तेथें रेगन झाले. लोकांनीं ज्याचा चेहरा ओळखला त्याला त्यांनीं मत दिलें, यांत विचित्र असें कांहीं नाहीं. शिवाय आमच्या मुलखाला हें नातें नवें थोडेंच आहे? कोल्ह्यांचें नारायणगांव हें तमाशाच्या फडांचें माहेरघर, विठाबाईंचें गांव. पाडव्याच्या सुमारास तेथें फडांच्या राहुट्या पडतात आणि गांवोगांवचे पंच जत्रेची सुपारी द्यावयास येतात. इकडे दौंड तालुक्यांत चौफुल्याला लावणीचीं कलाकेंद्रें आहेत. त्या तमाशाच्या बोर्डावर सोंगाड्या पाटलाची यथेच्छ टिंगल करी, आणि पाटील तर समोर पुढच्याच रांगेंत बसलेला असे! दुसऱ्या दिवशीं बिदागी घ्यावयाची ती त्याच्याच हातून. पाटील हंसला तर ठीक. नाहीं हंसला तर पुढच्या वर्षीं त्या गांवची सुपारी दुसऱ्या फडाला. सोंगाड्याच्या विनोदांत जी धार होती, ती या जोखमीची होती. मी न्यू जर्सींत कोचावर बसून मंत्र्यांवर कोट्या करतों, त्यांत भाषेची सफाई कदाचित् अधिक असेल. परंतु माझी सुपारी कोणी काढून घेऊं शकत नाहीं.

मला वाटतें, राजकारण आणि करमणूक यांच्यांतला खरा फरक एवढाच आहे. पडदा पडल्यावर जो घरीं जातो तो प्रेक्षक, आणि पडदा पडल्यावर ज्याच्या घरीं कांहीं तरी घडतें तो नागरिक.

२०२३ च्या डिसेंबरांत सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली. ती बंदी उठली ४ मे २०२४ रोजीं. दौंड तालुका बारामती मतदारसंघांत मोडतो, आणि तेथें मतदान होतें ७ मे रोजीं. या साऱ्या महिन्यांत मी दर रविवारीं भावाशीं फोनवर बोलत होतों, आणि बोलण्याचा विषय असे पक्षांतर, न्यायालयें, वृत्तपत्रांचें स्वातंत्र्य. तो शांतपणें ऐकून घेई; मोठ्या भावाचें बोलणें तोडण्याची आमच्या घरीं रीत नाहीं. एकदां मी श्वास घेण्यासाठीं थांबलों तेव्हां तो म्हणाला, “दादा, तुझं सगळं खरं असंल. पण काढलेला कांदा वावरात पडलाय, त्याचं काय करू ते आधी सांग.” न्यायालयें आणि वृत्तपत्रें हे क्षुल्लक विषय आहेत असें मी अजूनही मानीत नाहीं, आणि तोही मानीत नाहीं. परंतु त्याच्या वाक्यांत ‘आधी’ हा जो शब्द होता, तो माझ्या कोणत्याही वाक्यांत येऊं शकत नव्हता. मला सगळे प्रश्न एकाच अंतरावरून दिसत होते. त्याच्या पायाशीं एक पडलेला होता.

आक्काकडे दुसराच प्रश्न. जुन्नर, आंबेगांव, शिरूर या पट्ट्यांत ऊस वाढला आणि बिबट्यानें डोंगर सोडून उसांतच बिऱ्हाड केलें. त्याचीं पिल्लेंही आतां उसांतच जन्मतात. शेतीची वीज पुष्कळदां रात्रींची येते. म्हणून पाणी द्यावयाला माझ्या भाच्याला हातांत बॅटरी घेऊन रात्रीं उसाच्या कडेनें जावें लागतें, आणि बॅटरीचा उजेड परत येतांना दिसेपर्यंत आक्का दारांत उभी असते. वन्य प्राण्यांच्या रक्षणाविषयीं माझें मत आहे, तें विचारपूर्वक बनवलेलें आहे, आणि तें बदलावें असें मला आजही वाटत नाहीं. आक्काचेंही मत आहे. मीं विचारलें तेव्हां ती म्हणाली, “बिबट्या जगू दे बाबा. पण दिवसा लाईट द्या म्हणावं.” वन्यजीवांचें आणि विजेचें इतकें नेमकें धोरण मीं कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यांत अजून वाचलेलें नाहीं. तें दारांत उभें राहून तयार झालेलें आहे.

हा केवळ आम्हां मराठी माणसांचाच अनुभव असता तर त्यावर एवढें लिहिण्याचें कारण नव्हतें. आमच्या महाविद्यालयांत गणित शिकवणारे एक फिलिपिनो गृहस्थ आहेत. त्यांचा-माझा स्नेह जमला तो या समान व्याधीमुळें. ते रात्रीं मनिलाच्या बातम्या पाहतात, मी पुण्याच्या. सकाळीं आम्ही दोघे सारख्याच लाल डोळ्यांनीं एकमेकांना भेटतों. आणि त्यांच्या देशाचें नाटक आमच्याहून रंगतदार आहे हें मला मान्य करावें लागतें. १९९८ सालीं त्यांनीं जोसेफ एस्ट्राडा या चित्रपटांतल्या नायकाला राष्ट्राध्यक्ष केलें, आणि २००१ च्या जानेवारींत राजधानीच्या रस्त्यावर उतरलेल्या लोकांनीं त्याला पायउतार केलें. ज्या मार्कोसला १९८६ सालीं देश सोडून हवाई बेटांत पळावें लागलें, त्याच्याच मुलाला २०२२ सालीं तेथील मतदारांनीं राष्ट्राध्यक्षपद दिलें. माझे स्नेही या विषयावर तासन्‌तास बोलतात, पुढें गाण्यांवर येतात, मग कोणत्या नटीनें कोणाशीं लग्न केलें यावर; आणि शेवटीं मनिलाच्या पुरांत आईच्या घरांत किती पाणी आलें हें सांगतांना गप्प होतात.

मात्र त्यांच्या-माझ्यांत एक भेद आहे. २००३ सालीं त्यांच्या देशानें दोन कायदे केले. एकानें परदेशीं राहणाऱ्यांना तेथूनच मत देण्याचा हक्क दिला. दुसऱ्यानें परदेशाचें नागरिकत्व घेतलेल्यांनाही स्वदेशाचें नागरिकत्व परत मिळण्याची वाट मोकळी केली. २००४ पासून ते वकिलातींत जाऊन मत देत आले, आणि २०२५ च्या मे महिन्यांत तर घरच्या संगणकावरून त्यांनीं तें दिलें. आमच्याकडे २०१० च्या दुरुस्तीनें परदेशीं राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार म्हणून नांव नोंदवतां येऊं लागलें. परंतु मत द्यावयाचें तर मूळ पारपत्र हातांत घेऊन त्यानें स्वतः आपल्या गांवच्या केंद्रावर हजर झालें पाहिजे. प्रतिनिधीकरवीं मत देण्याची सोय करणारें विधेयक २०१८ सालीं लोकसभेनें मंजूर केलें होतें. राज्यसभेंत तें पार पडलें नाहीं आणि २०१९ सालीं लोकसभेच्या मुदतीबरोबर तेंही संपलें. विमानाच्या तिकिटाचा खर्च आणि परीक्षांचे दिवस यांच्यापुढें माझा तो हक्क कागदावरच राहिला.

“हा तुमच्यावर अन्याय आहे,” असें माझे गणितज्ञ स्नेही म्हणतात. “आम्ही पाठवलेल्या पैशावर आमचा देश जगतो. पैसा चालतो, मग मत कां चालूं नये?” युक्तिवाद वजनदार आहे, आणि तो मला कांहीं दिवस पटलाही होता. परंतु पैसा पाठवणें आणि परिणाम सोसणें या दोन गोष्टी एक नव्हेत. मी भावाला बी-भरणासाठीं पैसे पाठवले म्हणून कांद्याचा भाव पडल्यावर माझी झोंप उडत नाहीं. फार तर मी आणखी थोडे पाठवतों. ज्याची झोंप उडते त्याच्या बोटाला शाई लागावी, हें मला न्यायाचें वाटतें.

मग दूर राहून केलेला स्वदेशाचा विचार म्हणजे नुसता वाराच कीं काय? तसें मात्र कोणी समजूं नये. आमच्याच दोन तालुक्यांचा इतिहास त्याविरुद्ध साक्ष देतो. शिरूर तालुक्यांतील तळेगांव ढमढेरे येथें १८८८ सालीं जन्मलेला विष्णु गणेश पिंगळे हा तरुण यंत्रशास्त्र शिकण्यासाठीं अमेरिकेस गेला. तेथें पश्चिम किनाऱ्यावर १९१३ सालीं गदर पक्ष उभा राहिला. लांकडाच्या गिरण्यांत आणि फळबागांत राबणारे पंजाबी मजूर आणि कांहीं विद्यार्थी स्वदेशाच्या राजकारणाचा विचार करीत होते, म्हणजे आम्ही चिवडा खातांना जें करतों तेंच करीत होते. पण १९१४ मध्यें महायुद्ध सुरू झालें, आणि पिंगळे जहाजांत बसून परत आला. १९१५ च्या मार्चमध्यें तो मीरतच्या छावणींत बाँबसह पकडला गेला, आणि त्याच वर्षीं १६ नोव्हेंबर रोजीं लाहोरच्या तुरुंगांत करतारसिंग सराभा आणि इतर सोबत्यांबरोबर त्याला फांशीं देण्यांत आलें. त्याचें वय तेव्हां सत्तावीस. माझ्या वर्गांतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांहून तो फारसा मोठा नव्हता.

दौंड तालुक्याची साक्ष उलट दिशेची आहे. पंडिता रमाबाई १८८६ सालीं आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठीं फिलाडेल्फियास गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षें अमेरिकेंत राहिल्या. त्यांनीं त्या देशाचें निरीक्षण केलें, व्याख्यानें दिलीं, बोस्टनमध्यें आपल्या कार्यासाठीं मदतमंडळ स्थापन करविलें, आणि परत आल्यावर १८८९ सालीं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हें पुस्तक मराठींत लिहिलें. इतकें करून त्या थांबल्या असत्या तर आपण त्यांना एक उत्तम प्रवासलेखिका म्हणालों असतों. परंतु त्याच वर्षीं त्यांनीं मुंबईस शारदासदन उघडलें, आणि पुढें दुष्काळाच्या दिवसांत दौंड तालुक्यांतील केडगांवीं मुक्तिसदनांत निराधार बायका-मुलींना आसरा दिला. १९२२ सालीं त्या तेथेंच वारल्या. लहानपणीं आगगाडी केडगांव स्टेशनावर थांबली कीं आजी खिडकींतून बोट दाखवून ‘तें बाईंचें’ एवढेंच म्हणे. रमाबाईंच्या धर्मांतरावरून महाराष्ट्रांत जो वाद झाला, त्याचा तिला गंधही नव्हता. दुष्काळांत तेथें जेवण मिळे, हें तिनें तिच्या आईकडून ऐकलें होतें.

हें सारें मीं माझ्या स्नेह्यांना सांगितलें तेव्हां त्यांनीं एकच नांव उच्चारलें: रिझाल. होसे रिझालनें आपल्या देशाच्या दुःखाची कादंबरी १८८७ सालीं बर्लिनमध्यें छापून घेतली. १८८८ सालीं तो अमेरिका ओलांडून गेला. म्हणजे त्या वर्षीं रमाबाई आणि तो एकाच देशांत होते. १८९२ मध्यें तो मनिलास परतला आणि १८९६ च्या ३० डिसेंबरला गोळ्या घालून त्याला ठार करण्यांत आलें. आम्ही दोघे प्राध्यापक त्यावर थोडा वेळ कांहींच बोललों नाहीं. या तिघांच्या मतांना वजन आलें तें त्यांच्या बुद्धीनें, हें खरें. परंतु त्या मतांची किंमत दुसऱ्याकडून वसूल न करतां त्यांनीं ती स्वतः भरली, म्हणून तें टिकलें.

मी पिंगळे नव्हे, आणि रमाबाई तर नव्हेच. मी घराचे हप्ते फेडणारा, निवृत्तीचीं वर्षें मोजणारा एक मध्यमवर्गी मास्तर आहें. माझ्यापुढचा प्रश्न पुष्कळ लहान होता, परंतु माझ्यापुरता तो खरा होता. २०२४ या एकाच वर्षांत भारतांत लोकसभेची निवडणूक झाली, महाराष्ट्रांत विधानसभेची झाली आणि ५ नोव्हेंबरला अमेरिकेंत राष्ट्राध्यक्षाची झाली. तिन्ही वेळां मी प्रेक्षक. येथें मी कर भरतों. येथील धोरण बदललें कीं माझ्या महाविद्यालयाचें अनुदान आटतें, माझ्या परदेशी विद्यार्थ्यांचा प्रवेश अडतो, माझ्या औषधाची किंमत वाढते. पण नागरिक नाहीं म्हणून मत नाहीं. मताशिवाय कर नको, या तक्रारीवरून या देशानें इंग्रजांशीं बंड केलें, हें मी दरवर्षीं वर्गांत सांगतों आणि घरीं येऊन मुकाट्यानें कर भरतों. ज्या देशाचे परिणाम मी भोगतों तेथें माझें बोट कोरडें, आणि ज्याच्या काळजीनें जागतों तेथेंही कोरडें.

नागरिकत्वाचा अर्ज कैक वर्षें माझ्या टेबलाच्या खणांत पडून होता. पत्नीनें आपला केव्हांच भरला. ती माझ्याहून व्यवहारी आहे. मला अडवीत होती ती शपथ. इतर सर्व राज्यांशीं असलेली निष्ठा सोडली, असें तेथें उभें राहून मोठ्यानें म्हणावें लागतें. आणि त्या क्षणीं आपल्या कायद्याप्रमाणें भारतीय नागरिकत्व आपोआप संपतें. त्याच्या बदल्यांत आपलें सरकार ‘ओव्हरसीज सिटिझन’ म्हणून एक पुस्तिका देतें. तीवर आजन्म येण्याजाण्याची मोकळीक असते. मत नसतें, आणि नवी शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. वडिलार्जित आलेली मात्र ठेवतां येते.

अशा वेळीं मला आक्काच्या हक्कसोडीची आठवण झाली. मुलीला वडिलार्जित मिळकतींत मुलाइतकाच वाटा महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि सबंध देशानें २००५ सालीं दिला. तरी वडील गेल्यावर आक्का दुय्यम निबंधकाच्या कचेरींत गेली आणि हक्कसोडपत्रावर सही करून आली. अशा हजारों सह्यांमागें प्रेमापेक्षां धाकच अधिक असतो, आणि त्या रीतीचें समर्थन मी करणार नाहीं. मीं तिला फोनवर सांगितलें कीं, कायद्यानें तुझें आहे तें तूं सोडूं नको. ती हंसून म्हणाली, “सही केली म्हणून माहेर तुटतंय होय रे? उलट आता मला भावाला चार गोष्टी सांगता येतील. हिस्सा मागणारीचं बोलणं भांडण वाटतं, हिस्सा सोडलेलीचं काळजी वाटते.”

तेव्हांपासून मी तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊं लागलों. माहेरवाशीण ही खरोखर दूरस्थ माणसाची उत्तम शिक्षिका आहे. त्या घरावर तिचा जीव आहे, पण चूल तिच्या हातीं नाहीं. चूल भावजयीच्या हातीं आहे. दिवाळीला आली कीं ती आधीं विहिरीचें पाणी विचारते, भावजयीच्या गुडघ्याचें विचारते, गाय किती दूध देते तें विचारते. दुसऱ्या दिवशीं दुपारीं निवडण टिपतां टिपतां मग हळूच म्हणते, गोठ्याचा पत्रा गळतो, तेवढा पावसाच्या आधीं बदला. आणि तो पत्रा बदलला जातो. तिनें उंबऱ्यांत पाऊल टाकतांच तेंच वाक्य उच्चारलें असतें तर गोठा आणखी दहा वर्षें गळला असता! तिला मत नाहीं असें कोण म्हणेल? फक्त तिचें मत विचारण्याच्या वाटेनें येतें. आणि माहेरीं कोणी आजारी पडलें तर रात्रींच्या गाडीनें सर्वांच्या आधीं येते तीही तीच.

अर्ज मीं या वर्षीं भरून पाठवला. ज्या गांवच्या शाळेला, दवाखान्याला आणि रस्त्याला मी चोवीस वर्षें कर देत आलों, तेथें मी मत देईन. दौंडच्या मतदारयादींतलें माझें नांव आतां जाईल. माझें म्हणणें मी दौंडकरांना सांगणारच, गप्प बसण्याची शपथ कांहीं त्या कागदावर नाहीं. पण तें आतां हिस्सा सोडलेल्याचें बोलणें असेल.

हें ठरलें त्या रविवारीं मी भावाला आणखी एक गोष्ट बोललों. वडिलांच्या पश्चात् सातबाऱ्यावर त्याच्या नांवाखालीं माझेंही नांव आहे. कायदा तें राहूं देतो, परंतु जमीन तो कसतो, कांदा त्याचा सडतो, मग नांव तरी माझें कशाला? पुढच्या भेटींत मीही आक्कासारखी सही करून टाकतों, असें मी म्हणालों. तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “तिकडचा हो, त्याला माझी ना नाही. पण सातबाऱ्यावरचं नाव राहू दे, दादा. नाव असलं म्हणजे पाण्याची पाळी कधी आली, ते तरी तुला विचारावं लागंल.”

नांव राहिलें आहे. आतां रविवारीं सकाळीं मी फोन करतों तेव्हां तिकडे दिवेलागण झालेली असते. आधीं पाण्याचें बोलणें होतें, मग उसाच्या तोडीचें, मग आक्काच्या गांवीं पिंजरा लावला होता त्यांत कांहीं सांपडलें कां त्याचें. निवडणुकीचा विषय आम्ही शेवटीं घेतों. आणि पुष्कळदां तेथवर येण्यापूर्वींच लाईट येते आणि त्याला मोटार चालू करावयास जावें लागतें.